चारीच्या कडेनं अंगणवाडीपर्यंत

मधल्या सुट्टीत मैत्रिणी किस्से सांगायला लागल्या की मी डबा खात ऐकायची. आपल्याकडं सांगण्यासारखं काही नाही, असंच मला वाटायचं. पण दसऱ्यापासून रोज सकाळी तीन लहान मुलांना अंगणवाडीत सोडायचं काम माझ्याकडं आलं आणि किस्से आपोआप गोळा व्हायला लागले. कालव्याच्या चारीकडेच्या गवतातून चाललं की स्वेटरला कुसळं चिकटतात ना, तसे. घरी येऊन बघावं तर पाठीवरसुद्धा दोन-चार! सगळे हसण्यासारखे आहेत असं नाही. त्या वाटेवर मला बहुतेक वेळा मटकन खाली बसून रडावंसंच वाटलेलं आहे. पण मुलांना हाताला धरलेलं असलं की रडायला हात मोकळा नसतो.

आमची वस्ती वरकुटे गावापासून दीड-पावणेदोन किलोमीटर आत, उसाच्या रानात. माझा भाऊ वेदू चार वर्षांचा. शेजारच्या घरातली अन्वी पाच वर्षांची आणि तिचा भाऊ छोटू तीन. वेदू माझ्यासारखा, विचारलं तरच बोलतो. अन्वी विचारायच्या आधी बोलते, आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगते. छोटू फारसं बोलत नाही, पण लोकरीची कानटोपी डोक्यावरून काढू देत नाही. आंघोळीला त्याची आई ती काढते तेव्हा वस्तीभर आवाज जातो. अंगणवाडीच्या बाईंनी त्याचे केस अजून पाहिलेले नाहीत. अन्वीच्या आईच्या सकाळी म्हशींच्या धारा असतात, म्हणून जाताना मी नेते आणि दुपारी येताना ती आणते.

माझी आई दसऱ्यापासून बारामती एमआयडीसीत दुधाच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. पहिली पाळी, त्यामुळं पहाटे पाचला गाडी फाट्यावर येते. तीन महिन्यांत एकही खाडा झाला नाही, तर संक्रांतीनंतर कायम झाल्याचं कार्ड मिळणार. पप्पा सीझनभर उसाच्या ट्रॅक्टरवर असतात. म्हणजे घरात शब्द आजोबांचा, आबांचा. त्यांनी होकार दिला, पण जेवताना ताटावरून मान वर न करता आईला सांगितलं, "पोरगं एक दिस जरी घरी ऱ्हायलं, तर दुसऱ्या दिवसापास्नं तू बी घरी."

आई "व्हय" म्हणाली आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

*

आई पहाटे निघायच्या आधी वेदूला झोपेतच सगळे कपडे घालून ठेवते. बनियन, शर्ट, स्वेटर, मोजे, कानटोपी. तो उठतो तोच तयार असतो. मला फक्त बूट चढवायचे.

डिसेंबरात एका पहाटे लाइट गेली होती. आईनं अंधारात चाचपून माझा शाळेचा स्वेटर त्याला घातला. तो त्याच्या गुडघ्यापर्यंत आला. बाह्यांतून हात दिसेनात. मी काढायला गेले तर तो दोन्ही बाह्या पोटाशी आवळून बसला. आईनं घातलाय म्हणजे आपलाच, असा त्याचा हिशेब. ओढाओढीत वेळ गेला असता, म्हणून मी तशीच निघाले.

दहावीच्या आमच्या जादा तासाला मी एकटीच बिनस्वेटरची. गणिताचे सर फळ्यापाशी थांबले आणि वर्गाला म्हणाले, "बघा, हिला म्हणायचं रानातली पोर. नाहीतर तुम्ही, खिडक्या लावा म्हणून रडताय."

आणि त्यांनी माझ्या शेजारची खिडकी उघडली. माझा मान म्हणून!

*

थंडीत तोंडातून वाफ निघते, हे छोटूला यंदा पहिल्यांदा कळलं. तो वाटेत थांबून थांबून ती बघायचा. मग अन्वीनं शोध लावला. तिनं उसाच्या पाचटाची एक काडी दोन बोटांत धरली, तिच्या तात्यांसारखे डोळे बारीक केले आणि फुऽ करून धूर सोडला. दुसऱ्या मिनिटाला तिघांच्या हातात काड्या. मलाही एक दिली. घेतली नसती तर कुणी पुढं चाललं नसतं.

अंगणवाडीत पोचल्यावर बाईंनी उशीर का झाला म्हणून विचारलं. मला नाही, अन्वीला. ती म्हणाली, "आमी विडी वढत हुतो. ताई पण."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या म्हणाल्या, दहावीतली मुलगी, काय हे, मी आज तुझ्या आबांनाच बोलावून घेते. मला लोकांपुढं बोलायला होत नाही. म्हटलं, करूनच दाखवावं. मी तोंड उघडलं आणि जोरात श्वास सोडला.

एव्हाना ऊन वर आलं होतं. वाफ आलीच नाही!

बाईंनी नाक माझ्या तोंडाजवळ आणलं. वास येतोय का बघत होत्या बहुतेक. मदतनीस मावशी मागं खिचडीचे तांदूळ निवडत होत्या, त्या छोटूच्या हातातली काडी बघून हसत सुटल्या आणि त्यांनीच सारं उलगडून सांगितलं, म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी धुकं होतं. बाई कुलूप उघडत होत्या आणि "आलात का" म्हणताना त्यांच्याच तोंडातून ढग निघाला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

*

एक दिवस आम्ही पोचलो तर अंगणवाडीला कुलूप. बाईंना इंदापूरला मीटिंगला बोलावलं होतं. तसा मेसेज ग्रुपवर आला होता, पण तो ग्रुप आईच्या फोनवर, आणि कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. गावातली सगळी मुलं घरीच होती. आम्ही चौघंच पायरीवर, आणि नाकं गळत होती.

मुलांना परत घरी नेलं असतं तर वेदूजवळ थांबणार कोण? आबा रानात. आणि वेदू घरी राहिला की उद्यापासून आईही घरी. पुढचं सगळं मला दिसायला लागलं. मी तिघांना घेऊन सरळ शाळेत गेले आणि जादा तासाला शेवटच्या बाकावर बसवलं. मैत्रिणी पुढं दप्तरं लावून बसल्या.

सर हजेरी घेताना वर बघत नाहीत. माझा नंबर सव्वीस. बरोब्बर तेव्हाच छोटूचा बूट निसटला आणि मी बाकाखाली वाकलेली. सरांनी "सव्वीस" म्हणून दोनदा पुकारलं. तिसऱ्यांदा अन्वीनं उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं, "हजर, सर!"

सरांनी खूण केली आणि मान न उचलता म्हणाले, "तीन वर्षांत आज हिचा आवाज ऐकला."

*

संध्याकाळी आई आल्यावर तिचे हात खूप गार असतात. तिच्या खात्यात बारा महिने थंडीच. तिथं हजेरीचं मशीन अंगठ्यावर चालतं, आणि अंगठा गारठला की मशीन ओळखत नाही. सगळ्या बायका चहाच्या कपाला अंगठे लावून रांगेत उभ्या राहतात, म्हणे. एकदा आईचा अंगठा काही केल्या जुळेना. मागून एक बाई म्हणाली, "अगं मशीनला तरी सांग, तू कोण हायस ते." सगळ्या हसल्या. आई आम्हाला सांगतानाही हसत होती.

मग भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तितं मला सुनीता म्हनत्यात."

वस्तीवर ती वेदूची आई आहे. त्याआधी माझी आई होती. आबा तिला "अगं ए" म्हणतात. मी पंधरा वर्षांची आहे, पण तिला नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही.

रोज ती वेदूला विचारते, आज काय काय झालं? तो म्हणतो, "काय न्हाय." किती शहाणं बाळ माझं, कसला त्रास नाही, असं म्हणून ती त्याचा मुका घेते. मी पुस्तकात बघत बसते.

*

आता चारीचा किस्सा. त्या दिवशी अन्वी आणि छोटू मामाकडं गेले होते, म्हणूनच निभावलं. नाहीतर अन्वीनं वस्तीत पाऊल ठेवायच्या आत सगळं सांगितलं असतं.

चारीला पाणी सुटलं होतं. वेदूचा एक बूट घसरून पाण्यात पडला आणि त्याच्यामागं वेदू. कमरेपर्यंत. मी त्याला बुटासकट ओढून काढलं तेव्हा तो रडलासुद्धा नाही, नुसते दात वाजत होते. घर मागं होतं, दहा मिनिटांवर. मी पुढं निघाले. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही, पण मी पुढंच निघाले.

पुढं ऊसतोडवाल्यांच्या झोपड्या आहेत, कोप्या म्हणतात त्यांना. पाचटाची शेकोटी पेटलेली होती. तिथल्या एका बाईनं काही न विचारता वेदूची पँट काढली, कोयत्याच्या मुठीला अडकवून जाळावर धरली आणि त्याला आपल्या चादरीत गुंडाळून शेकोटीला बसवलं. मग विचारलं, कुठं निघालीस? मी सांगितलं, अंगणवाडीला. ती म्हणाली, "घरी न्हे की त्याला." मी नाही म्हणून मान हलवली. तिनं पँट उलटी करून दुसऱ्या बाजूनं धरली.

आम्ही निघालो तेवढ्यात समोरून फावडं खांद्यावर टाकून आबा. आबांची एक सवय आहे. जनावराचा ताप कानाच्या मुळाशी कळतो, म्हणून ते रेडकांचे कान बघतात, आणि तसाच वेदूचा. कानटोपीखाली दोन बोटं सरकवायची. शेकोटीपुढं बसून त्याचे कान लालबुंद झाले होते.

"कान तापलाय पोराचा," आबा म्हणाले.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ऊन लागलंय, आबा."

सूर्य नुकताच उसाच्या वर आला होता. फिकट, ताकासारखा. आबांनी तिकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग स्वतःशीच म्हणाले, "ही तर बोलतच न्हाय. खोटं कशाला बोलंल." आणि गेले.

वेदू पुढची सगळी वाट माझ्या तोंडाकडं बघत चालला. त्याच्या पँटला ठिणगीचं भोक पडलं होतं. संध्याकाळी आईला मी सांगितलं की अंगणवाडीच्या दाराच्या खिळ्यात अडकली. आईनं त्याला विचारलं, व्हय रं? त्यानं हो म्हणून मान डोलावली. मी शिकवलं नव्हतं. त्याला आलं.

*

संक्रांतीला चार दिवस राहिले होते. मी उठले तेव्हा वेदू कपडे घालून अंथरुणात बसलेला. आज दोन स्वेटर होते, एकावर एक. फळीवर त्याच्या बुटांशेजारी तापाच्या औषधाची बाटली होती. झाकण नुसतंच वर ठेवलेलं, आणि शेजारी चमचा. आई केव्हाच गेली होती.

मी त्याला चमचाभर औषध पाजलं आणि बूट घातले.

धुकं इतकं होतं की चारीत पाणी आहे की नाही, ते आवाजावरून कळत होतं. अन्वी पुढं, छोटू माझ्या एका हाताला, वेदू दुसऱ्या. त्या थंडीत पहिल्यांदाच माझा एक हात गरम होता. तो कशानं गरम आहे, याचा मी विचार करत नव्हते. पावलं मोजत होते.

कोप्यांच्या अलीकडं धुक्यातून आधी फावडं दिसलं, मग आबा. त्यांनी फावडं बाजूला टेकवलं. खाली वाकले आणि त्यांनी वेदूच्या कानटोपीखाली दोन बोटं घातली. घातली ती काढलीच नाहीत.

मी तोंड उघडलं. नुसतीच वाफ आली.

"ऊन लागलंय, आबा," वेदू म्हणाला.

आबांनी वर बघितलं. चारीपलीकडचा ऊससुद्धा दिसत नव्हता. अन्वीनं आधी वेदूकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती बोलणार हे मला माहीत होतं. मी छोटूचा हात घट्ट धरला.

"व्हय आबा," अन्वी म्हणाली, "लई ऊन हाय आज."

आबांची बोटं अजून कानाशीच होती.

छोटूनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, आणि दोन्ही हातांनी डोक्यावरची कानटोपी काढली.