हात्सुएचं ओठांतलं गाणं

टोकियोतल्या किता-सेंजूच्या बाजारगल्लीत हात्सुए ओरिहाराचं धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं. बाई कष्टाळू, हसतमुख, पण जात्याच काळजीखोर. १९८१ साली तिच्या मुलीने, चिनामीने, सुट्टीत काम करून वॉकमन घेतला आणि हात्सुएची झोप उडाली. कानात गाणी भरून पोरगी सायकल चालवते, ट्रकचा भोंगा ऐकू येणार कसा? उद्या बहिरी झाली तर? शेवटी परीक्षा होईपर्यंत म्हणून तिने तो काढूनच घेतला.

आता तो दुकानात समोर पडलेला, आणि हात्सुएला गाण्याची भारी हौस. उन्हाळी जत्रेत गल्लीची गाण्याची स्पर्धा व्हायची. दरवर्षी ती ठरवायची, यंदा गायचंच. पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की माघार घ्यायची. शाळेतल्या बाईंनी एकदा तिला समूहगीतात नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं, ते काही मनातून जाईना. वॉकमन लावून मात्र बंदरावर वाट पाहणाऱ्या बाईचं एक गाणं ती इस्त्री करता करता ओठांतल्या ओठांत घोकू लागली. कुणाला पत्ता नाही, कुणाला त्रास नाही. धीर चेपला आणि तिने स्पर्धेत नाव दिलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो धीर गळाला. स्पर्धेचं सगळं तोफूवाले कामेझो बघत. त्यांच्याकडे जाऊन ती म्हणाली, माझं नाव काढा. माझं गाणं आजवर कुणी ऐकलेलं नाही, उगाच फजिती नको.

कामेझोंची सुरी थांबली. "कुणी ऐकलेलं नाही?"

"मी आपली मनात म्हणते."

"ओरिहारासान, तुम्ही मनात म्हणता ते कोपऱ्यावरच्या बँकेत ऐकू येतं."

कान झाकलेले, त्यामुळे आपला आवाज किती चढतो ते तिला कळतच नव्हतं. महिनाभर अख्खी गल्ली ऐकत होती. सांगितलं तर बिचारी लाजेल म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. मासेवाला तर ती सुरू झाली की स्वतःची आरोळी आवरती घ्यायचा.

लालबुंद होऊन ती घरी आली आणि चिनामीवर उखडली. तुला माहीत होतं, मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तू थांबली असतीस," चिनामी म्हणाली. "आणि आई, भोंगा ऐकू येणार नाही म्हणून तू मला ओरडत होतीस ना?"

हात्सुए रागावायच्या बेतात होती, पण तिला हसूच फुटलं. जी फजिती व्हायची ती महिनाभर होऊन गेली होती. आता लपवायचं काय उरलं?

दुसऱ्या दिवशी ती मंचावर उभी राहिली. आवाज लागला. शेवटच्या कडव्यात एका जागी चाल खाली उतरते. हात्सुए तिथे नेहमी वर जायची, तशीच गेली. तिच्याबरोबर मासेवाला वर गेला, बँकेतल्या मुली गेल्या, कामेझो आणि चिनामीही गेली. गल्लीने ते गाणं तिच्याकडूनच तर शिकलं होतं. साथीला लावलेली कॅसेट तेवढी एकटीच खाली उतरली.