आधी पाय घाल

"आधी पाय घाल, मगे बोल." आमच्या मुळगावच्या तळ्याबद्दल कुणी काही विचारलं की काकांचं हे ठरलेलं उत्तर. पाहणीला आलेल्या इंजिनियरलाही त्यांनी बूट काढायला लावले होते. स्वतः पंचा खोचून, चिखलात पाय रोवून तासन्‌तास उभे. लहानपणी आम्ही त्यांना बगळा म्हणायचो. तुमच्याही गावात असा एखादा असेल.

तळ्यातली साळकं, म्हणजे पांढरी पाणफुलं, हा त्यांचा जीव. चवथीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळीत बांधायला प्रत्येक घरी ते स्वतः जुडी आणून देत. "हात लाव बघू, थंड आसत मां?" असं विचारल्याशिवाय उंबरठा सोडत नसत.

मग एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. पुढच्या वैशाखात तळं घोट्याएवढं उरलं, साळकांची पानं पिवळी पडली. मी डिचोलीत खताच्या दुकानात कामाला. काका तिथे आले.

"तळ्याक भूक लागली हा. भाताक घालतत तां दी."

मला हसू आलं. "घाला की. भाताला मानवतं ते फुलाला का नाही मानवणार?" पोतं मीच त्यांच्या सायकलला बांधून दिलं.

पाऊस लांबला. एवढ्याशा पाण्यात एवढं खत! पंधरा दिवसांत तळ्यावर शेवाळाची जाड साय धरली. ऊन खाली पोचेना. साळकं कुजली, मासे पोट वर करून तरंगू लागले. काका रोज शेवाळ ओढून काढीत, सकाळी पुन्हा तेवढंच.

एकदा त्यांनी मला काठावर गाठलं. "खरा सांग. माझ्या हातान झाला मां ह्यां?"

"पाऊसच नाही ना, काका," मी म्हणालो. ते अर्धं खरं होतं. उरलेलं सांगायची माझी छाती झाली नाही. त्यानंतर त्यांना तळ्यात उतरलेलं मी पाहिलं नाही.

त्या चवथीला ते नेहमीसारखे घरोघरी आले, रिकाम्या हातांनी. "औंदा नाय," एवढंच म्हणत आणि परतत. माझ्या बायकोने चहा विचारला, तर न घेताच निघाले. शिमग्याआधीच ते वारले.

यंदा पाऊस चांगला झाला. तळं भरलं, पण पाणी हिरवंच. काल, चवथीच्या आदल्या दिवशी, मी चपला काढून पाय घातला. चिखल कोमट लागला. खूप चाचपडलो, पायाला एकही देठ लागला नाही.

"तुमच्या एकट्याच्या हातान नाय झाला, काका," मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला ते हवे होते.