हद्दीत घेतलेली राई

कॉफी खरेदी करणाऱ्या संघात मामांना काम एकच होतं: फोन हातात धरून प्रत्येकाच्या मळ्याला कडेकडेने फेरी मारायची. फेरी पुरी झाली की फोनवर मळ्याची हद्द उमटायची. जंगल तोडून पिकवलेली कॉफी परदेशातले ग्राहक घेत नाहीत, म्हणून प्रत्येक पोत्यामागे अशी हद्द लागायची. गुडघे कुरकुरायचे, पण त्यांनी कधी एक कोपरा गाळला नाही. दोनशे बारा मळे पायाखाली घातलेल्या या माणसाला सगळे मीटरमामा म्हणत, आणि त्यांनाही ते मनातून आवडे.

थोरल्या बहिणीच्या, ताईच्या मळ्यात मात्र मामांची माया आडवी आली. मळ्याच्या वरच्या अंगाला झऱ्याभोवती तिची राई होती. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाले, तोडा आणि कॉफी लावा. झाडं गेली तर झरा जाईल, एवढंच ताई म्हणाली, आणि बत्तीस वर्षं तिने तिथे कुऱ्हाड लागू दिली नाही. नियमाने फक्त पिकाभोवती फिरायचं होतं. मामांना वाटलं, इतकी जपलेली राई बाहेर कशी ठेवायची? जगाला कळू दे की! ते राईलाही वळसा घालून आले. एवढा शहाणपणा माणसाला जन्मात एकदाच सुचतो.

पुढे वादळात राईतली सहा झाडं आडवी झाली. आकाशातून काढलेल्या फोटोत तिथे भोक दिसलं. हद्दीतलं जंगल कमी झालं, म्हणजे कॉफीसाठीच तोडलं, असं धरून ताईचा मळा यादीत लाल झाला; संघाला तिची कॉफी घेता येईना. शेजाऱ्याने पंचवीस वर्षांपूर्वीच सगळं सपाट केलं होतं. इतकी जुनी तोड नियमात धरत नव्हते, म्हणून त्याचा मळा हिरवा.

मामा कार्यालयात जाऊन बसले. "मॅडम, चूक माझी आहे. हवं तर मला काढून टाका, पण हद्द बदला."

नोंदणीच्या मॅडम भल्या होत्या. "मामा, लाल झाल्यावर हद्द बदलू दिली, तर उद्या खरंच तोडणारासुद्धा म्हणेल, जंगल माझ्या हद्दीत नव्हतंच. मग त्याला काय सांगू?"

मामा उठून बाहेर आले. हाच नियम त्यांनी घरोघरी पटवून दिला होता.

ताईची कॉफी मग काहीच न विचारणाऱ्या व्यापाऱ्याने पडेल भावात नेली. त्या भावात घर चालवायचं तर लागवड वाढवायला हवी होती, आणि जागा एकच उरली होती.

मामा पोहोचले तेव्हा लाकडाचा ट्रक निघून गेला होता. ताई बुंध्यांच्या मधून रोपांसाठी खड्डे खणत होती. मामांना रडू आवरेना.

"ताई, मी घात केला गं तुझा."

"उगी. तुझं काही चुकलं नाही." तिचा हात थांबला नाही. "मीच वेडी. तेव्हाच तोडली असती, तर आज माझाही मळा हिरवा असता."