मास्तरांचे दोन आकडे

नरहरी मास्तर गेल्याचं पत्र मला पुण्याला प्रयोगशाळेत मिळालं. तोवर तेरावाही उलटून गेला होता. मी पत्राची घडी घातली आणि पुन्हा कामाला लागलो... हे आधीच कबूल केलेलं बरं.

वालूरच्या शाळेत त्यांनी मला गणित शिकवलं. त्यांचं स्वतःचं शिक्षण उर्दूतून झालेलं. निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली, तरी फळ्यापाशी गुणाकाराला त्यांच्या तोंडून 'जरब'च निघायचं. वरचे वर्ग मराठीतून शिकलेल्या नव्या शिक्षकांकडे गेले, मास्तरांकडे पहिलीची अंकओळख उरली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत.

पुढे पुण्याला मी सूक्ष्मलहरींवर संशोधन करू लागलो. रिकामी घागर जशी आपल्याच सुरात घुमते, तसा तांब्याचा बंद डबा ठरावीक कंपनसंख्यांनाच घुमतो. साध्या चौकोनी डब्याचे सूर सूत्रानं निघतात. पण आमच्या डब्याचा एक कोपरा कापलेला, तिथं सूत्र चालेना. मग कागदावर डब्याच्या छेदाची जाळी आखायची, प्रत्येक बिंदूवर अंदाजानं आकडा मांडायचा, आणि तो शेजारच्या चार आकड्यांशी जुळेपर्यंत सगळे पुन्हा पुन्हा दुरुस्त करत राहायचं; त्यावरून डब्याचा सूर निघतो. सुट्टीत गावी गेलो तेव्हा हे मास्तरांना समजावलं. "म्हंजे आकडे शेजाऱ्यांचं ऐकून बदलायलेत," ते हसून म्हणाले, "गावासारखंच हाय की!" त्यानंतर मी टपालानं जाळ्या पाठवायचो, ते भरून परत पाठवायचे.

एकदा त्यांनी एकाऐवजी दोन उत्तरं पाठवली, अगदी जवळजवळची. सोबत लिहिलं होतं, 'अंदाज वेगळा धरून सुरुवात केली की दुसरा आकडा येतो. मला दोन्ही बरोबर वाटतात.' मी घाईत होतो. उलट टपाली कळवलं, 'बरोबर उत्तर एकच असतं. आपलं वय झालं, यापुढे श्रम घेऊ नयेत.' ज्यांनी माझा हात धरून आकडे गिरवून घेतले, त्यांना मी हे लिहिलं...

पुढच्या वर्षी प्रत्यक्ष डबा तपासला. यंत्राची सुई दोनदा उसळली. अखंड चौकोनात एकच भासणारा सूर कोपरा कापल्यावर दुभंगला होता, आणि दोन्ही जागा मास्तरांच्या आकड्यांपाशीच होत्या. माझ्या प्रबंधात ते दोन आकडे आहेत, मास्तरांचं नाव नाही. 'चूक माझी होती' एवढं एक वाक्य लिहायला मला तीन वर्षं जमलं नाही.

गेल्या महिन्यात वालूरला गेलो. मास्तरांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांची माडीवरची खोली उघडून दिली. उतरत्या मेजावर कागदांची चळत होती. तोच डबा, पण जाळी दुप्पट बारीक. खोडून खोडून कागद विरलेला. शेवटी पुन्हा दोनच उत्तरं, आम्ही मोजलेल्या आकड्यांच्या आणखी जवळ.

"दिगू, तुझं पत्र आल्यावर लय दिवस कागदाला हात न्हाई लावला त्यांनी," काकू सांगू लागल्या. "मग पुन्हा बसले. मी म्हनले, दिगूला पाठवा की. तर म्हनले, त्याला आता नको हाय. पर माझं कुठं चुकलं, ते मला बघायचंय. सापडलं का रे, कुठं चुकलं व्हतं ते?"

"त्यांचं न्हाई चुकलं, काकू. चूक माझी होती."

काकूंनी पदरानं मेजावरची धूळ पुसली.

"मग त्यांना सांगायचं व्हतं की," एवढंच त्या म्हणाल्या, आणि खिडकी लावून घेतली.