चार दिवसांची रजा

आमच्या वाडीत नोकरी जायची ती नेहमी दुसऱ्याची, आणि तेही त्याच्यामागे बोलताना. शेजारच्याला नारळ मिळायचा, पलीकडच्या आळीतला घरी बसायचा. आपल्या घरातला मात्र सुट्टीवर यायचा, तब्येतीला आराम म्हणून यायचा, नाहीतर त्याला ब्रेक मिळायचा. बेकार हा शब्द आम्ही पेपरात वाचायचो, आणि मुंबईहून आलेली मंडळी तो न आवडलेल्या भाजीला वापरायची.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत ठाण्यातला माझा कारखाना बंद पडला. मी तिथे लेथ मशीनवर होतो. एका सकाळी गेटवर कागद चिकटवलेला दिसला आणि आठवड्याभरात मी पत्र्याची ट्रंक घेऊन पोलादपूरला उतरलो, तिथून कापडे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीत. वैशाख होता. गाव मुंबईकरांनी भरलेलं, त्यामुळे महिनाभर मला कुणी काही विचारलं नाही. पावसाच्या तोंडावर सगळे परत गेले आणि मी एकटाच मागे राहिलो, तेव्हा लोकांना मी दिसायला लागलो. "कवा जानार रे?" असं विचारल्याशिवाय कुणी पुढे जाईना.

मी तोंड उघडायच्या आत उत्तर आई द्यायची. ज्येष्ठात मी सुट्टीवर होतो. आषाढात मला ब्रेक मिळाला. हा शब्द तिने कुठून उचलला देव जाणे, पण ती तो अशा थाटात उच्चारायची की ऐकणाऱ्याला बढती वाटावी. मला तिचा भयंकर राग यायचा. वडील मी शाळेत असतानाच गेले, तिने एकटीने मला वाढवलं, हे सगळं कबूल. पण माझ्यासाठी खोटं बोलताना तिला जी मजा यायची ती मला सहन होत नसे. तो राग मी शेतावर काढला. त्या वर्षीची सगळी लावणी आम्ही दोघांनीच उरकली.

श्रावणात वरंधकडचं एक स्थळ आलं. मुलीला मी कुणाच्या तरी लग्नात पाहिलं होतं आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून ती डोक्यातून जात नव्हती. तिचे वडील महाडला एका कंपनीत सुपरवायझर; त्यांना जावई नोकरीवालाच हवा होता. आईने निरोप धाडला की मुलगा चार दिवसांची रजा काढून येतोय, तेवढ्यात येऊन घर बघून जा. मी म्हटलं, खरं काय ते सांगू. ती म्हणाली, लग्न झाल्यावर सांग. मला ती मुलगी हवी होती, म्हणून मीही गप्प बसलो. तेव्हा या लबाडीत अर्धा वाटा माझा.

अडचण एकच होती. महिनाभर चिखलात उभं राहून माझ्या पायांच्या बोटांत चिखल्या झाल्या होत्या आणि मी लंगडत होतो. पाहुण्यांसमोर मुलगा लंगडायला नको म्हणून आईने आदल्या दिवशी मेंदीचा पाला वाटून माझ्या बोटांच्या बेचक्यांत भरला. गुणही आला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, पँट, मनगटावर घड्याळ अशा थाटात मी तांब्या घेऊन पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला पायरीवर उभा राहिलो. मुलीचे वडील आले होते आणि सोबत त्यांची थोरली बहीण. आत्याबाईंनी पाय धुतले, मान वर करता करता माझ्या पायांकडे पाहिलं आणि तिथेच थबकल्या. दहाही बोटं लालभडक.

चहा आला. आई माझ्या साहेबांबद्दल सांगत होती. साहेब म्हणे मला सोडायलाच तयार नव्हते, माझ्याविना त्यांचं अडतं. आत्याबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि बशी खाली ठेवली.

"चार दिसांत चिखल्या व्हतात काय गो?"

आईला उत्तर सुचेना. तिला शब्द सापडत नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि इतके दिवस मी ज्याची वाट बघत होतो ते घडलं तेव्हा मला तिचं वाईटच वाटलं.

मी मुलीच्या वडिलांना म्हणालो, "मामा, कारखाना बंद झालाय. वैशाखापासून मला नोकरी नाही. इथेच आहे, लावणी केली."

बोलून टाकेपर्यंत ते फार मोठं वाटत होतं. बोलल्यावर कळलं, आता मुलगी गेली. मामांनी कप बाजूला सारला. आता उठतील, टोपी घालतील आणि चालू लागतील, अशी माझी खात्री झाली. मग बहिणीकडे न बघताच ते म्हणाले, "माजीपन कंपनी बंद हाय. चैतापासून."

आत्याबाई गर्रकन त्यांच्याकडे वळल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं; मामा म्हणाले, घरातही कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन मामा एस.टी.ने महाडला जायचे, ओळखीच्या एका गॅरेजमध्ये बाकावर दिवस काढायचे आणि पाळी सुटायच्या वेळेला परत निघायचे. हे त्यांनी सांगून संपवलं. तेवढ्यात आई म्हणाली की दादा, त्याला ब्रेक म्हणायचं. आधी आत्याबाई हसल्या, पदर तोंडाला लावून, मग मामा, मग मी. आई मात्र हसली नाही. तिने मनापासून सुचवलं होतं.

लग्नाचं त्या दिवशी काही ठरलं नाही. आधी घरी बायकोला सांगायला हवं, एवढं म्हणून मामा उठले. वाडीची उतरण संपेपर्यंत आत्याबाई त्यांना झापत होत्या, आम्हाला वर ऐकू येत होतं.

पुढचं मला माझ्या बायकोने सांगितलं, लग्नानंतर. तिचे वडील घरी पोचले ते वहाणा न काढताच ओटीवर बसले आणि त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. तिची आई तांदूळ निवडत होती. तिने सुपातला हात थांबवला नाही.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "कंपनीतनं खरकटा यायचा. चैतापासनं डबा धुवून येतोय."