पीटर्सबर्गची पाटी पुढे कशी गेली

ओहायो नदीकाठच्या आमच्या गावात लायसँडर पर्नेल यांचे हजामतीचे दुकान आहे, आणि त्या दुकानात उत्तर-दक्षिणेतले यादवी युद्ध अद्याप संपलेले नाही. दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला, लिंकनला मूठमाती मिळून एक पिढी उलटली, ग्रँटही गेला. परंतु पर्नेलच्या खुर्चीत एखाद्याच्या गालाला साबण लागला की गेटिसबर्गची टेकडी पुन्हा लढवली जाते. या गावातून गेटिसबर्गला जितके पुरुष गेले त्यापेक्षा अधिक तिथून परत आले आहेत, आणि दर हिवाळ्यात त्यांत भर पडत असते. गळ्याशी वस्तरा असताना पर्नेल कोणाचेही खोटे अडवत नाहीत. उलट "मग काय झालं, साहेब?" असे विचारून गिऱ्हाइकाला आणखी खोलात उतरू देतात. त्यांच्या स्वतःच्या डाव्या कानाचा वरचा तुकडा पीटर्सबर्गच्या खंदकांत राहिला. कोणी त्याविषयी विचारले, तर "पूर्वी एक न्हावी फार धांदरट मिळाला होता," एवढेच ते सांगतात.

मी या गावातील काळ्या मुलांच्या शाळेत लॅटिन शिकवण्यासाठी नेमला गेलो. प्रत्यक्षात मी शेगडीत कोळसा घालतो आणि गळक्या छपराखाली बादल्या ठेवतो. शाळासमितीला याची जाणीव मी वेळोवेळी करून दिली आहे. त्यामुळे या गावातील अन्यायांची मोजदाद करण्यास मी योग्य मनुष्य आहे, असे मला वाटते. त्यांतील सर्वांत मोठा अन्याय दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, भर उन्हात, वाजतगाजत होत असे.

त्या दिवशी मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहिली जातात. माजी सैनिकांची मिरवणूक न्यायालयापासून निघून नदीच्या धक्क्यावर जाते, तेथे बुडालेल्या खलाशांसाठी पाण्यात हार सोडते, वळसा घालून त्याच रस्त्याने परत येते आणि टेकडीवरच्या दफनभूमीकडे चढते. नियम असा की, प्रत्येकाने आपल्या पहिल्या लढाईच्या पाटीमागे चालायचे, आणि पाट्या लढायांच्या सालांप्रमाणे. सर्वांपुढे बुल रन, मग शायलो, अँटिटम, गेटिसबर्ग, चिकमॉगा, मग घोडदळ, आणि घोड्यांनी मागे जे काही ठेवले असेल ते तुडवीत, अगदी शेवटी, पीटर्सबर्ग. त्या पाटीमागे पर्नेल आणि त्यांच्या काळ्या पलटणीतले उरलेसुरले सोबती. युद्धाची पहिली दोन वर्षे ज्यांना बंदूक हाती धरू दिली नाही, त्यांनाच उशिरा आल्याबद्दल शेवटी उभे करायचे, हा या नियमाचा आत्मा. मी दर वर्षी माजी सैनिकांच्या मंडळाकडे निवेदन पाठवीत असे, त्यात सिसेरोचा आधारही देत असे. "आपल्या आस्थेबद्दल आभार," असे उत्तर येई.

शेवटी असण्यात चिखलापेक्षा वाईट एक गोष्ट होती. दफनभूमीच्या फाटकाशी फुलांची गाडी उभी असते. रांग पुढे सरकते तसतसा जो तो ओंजळभर फुले उचलतो. पीटर्सबर्गची पाटी पोहोचेपर्यंत गाडीत देठ आणि पाने उरत. आणि कुंपणाच्या कोपऱ्यात, जिथे काळ्या सैनिकांना पुरले आहे, तिथे ज्यूबल होता. ज्यूबल हा पर्नेल यांच्या पत्नीचा, केटुराचा, भाऊ. ही दोघे भावंडे हिवाळ्यातल्या एका धुक्याच्या सकाळी त्यांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या केंटकीतल्या मालकाकडून पळून, चोरलेल्या होडीतून नदी ओलांडून आली होती. ज्यूबल पर्नेलबरोबर पलटणीत गेला, पीटर्सबर्गला जखमी झाला आणि घरी येऊन बहिणीच्या मांडीवर वारला. प्रतिवर्षी त्याच्या वाट्याला देठ येत. अखेर केटुराने त्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकणेच सोडले.

"घरच्या परसातली फुलं तू वाहतेसच की रविवारी," पर्नेल म्हणत.

"ती माझी. त्या दिवसाची गावाची असतात," केटुरा म्हणे. "गावानं त्याला ताजं फूल दिलं की मला हाक मार, लायसँडर. तोवर तू आणि तुझी मिरवणूक."

त्या वसंतात मिरवणुकीचे सेनापती ऑर्विल स्टॅगर दाढीसाठी आले, तेव्हा मी कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होतो. स्टॅगर यांची पिठाची गिरणी आहे. ते मेजर होते. जनरल त्यांना गावाने केले, उधारीच्या भीतीने. शायलो हा त्यांचा अभिमानही होता आणि दुखरी जागाही. कारण त्या लढाईत पहिल्याच दिवशी हजारो शिपाई पळून नदीकाठी दरडीखाली लपले होते, आणि स्टॅगर नेमके त्याच नदीकाठी होते. कशासाठी, याविषयी दोन मते आहेत.

"जनरलसाहेब," वस्तरा पाजळत पर्नेल म्हणाले, "लोक काहीबाही बोलतात. पण नदीकाठी घुसमटलेली पलटण जागच्या जागी फिरवणं सोपं नाही. शर्मनलाही जमलं नसतं."

"एक आरोळी," स्टॅगर साबणातून म्हणाले. "फक्त एक. मागे फिर."

"आणि फिरले?"

"एका माणसासारखे."

"हे लोकांनी बघायला हवं होतं, साहेब. सांगून खरं वाटत नाही बघा." पर्नेलनी हनुवटी हळूच वर उचलली. "हलू नका."

मला वाटले, म्हातारा खुशामत करतो आहे. मी वर्तमानपत्र जरा जोरात उलटले.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी धक्क्यावर मिठाची बोट लागली. हमालांचा मुकादम एनॉक ग्रिग्ज हा पर्नेलचा पलटणीतला सोबती. पिंपे उतरवून झाली आणि धक्काभर, वळायला होती नव्हती तेवढी जागा व्यापून, तशीच राहिली. गोदामात का नेली नाहीत, असे पहारेकऱ्याने विचारले, तेव्हा एनॉक म्हणाला, "उद्या शहिदांचा दिवस. देशभक्तीची सुट्टी आहे दादा, आज दुपारपासूनच लागू."

दुसऱ्या दिवशी मी पर्नेलच्या दुकानाच्या पायरीवर उभा होतो. तेथून धक्का स्पष्ट दिसतो. बँड, मग घोड्यावर स्टॅगर, मग बुल रन आणि शायलो असे सगळे मिठाच्या पिंपांपर्यंत जाऊन थबकले. मागचे पुढे रेटत राहिले. हार पाण्यात पडला. त्यापाठोपाठ बँडचा एक माणूस तुतारीसह पडण्याच्या बेतात आला. पुढे ओहायो नदी, दोन्ही बाजूंना मीठ. घोडा तिरका नाचू लागला. सारे गाव पाहत होते, आणि शायलोच्या पाटीखालच्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जुनी, ओळखीची घबराट उमटली.

स्टॅगर रिकिबीत उभे राहिले आणि आयुष्यभर ज्या आरोळीच्या गोष्टी सांगितल्या होत्या ती त्यांनी खरोखर दिली. "मागे फिर."

त्या म्हाताऱ्यांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही, पण हुकूम त्यांच्या टाचांत मुरलेला आहे. सगळी मिरवणूक जागच्या जागी, एका माणसासारखी फिरली. त्याबरोबर शेवटची पाटी पहिली झाली. घोडदळ पीटर्सबर्गच्या मागे गेले आणि घोड्यांचा प्रसाद चिकमॉगाच्या वाट्याला आला. घोड्यावरचे स्टॅगर थेट शेपटाशी राहिले.

पर्नेल पलटणीचा झेंडा उंच धरून शांतपणे मुख्य रस्त्याने वर आले, आणि दुकानासमोर येताच त्यांनी हात वर केला. "थांब." पुढचा थांबला की सारे थांबतात, नदीपर्यंत सगळे थांबले. पर्नेलनी दुकानावरच्या आपल्या बिऱ्हाडाकडे तोंड केले.

"केटुरा, खाली ये."

वर खिडकीत, रस्त्याकडे पाठ करून ती वाटाणे सोलत होती. "पुन्हा देठ आणायला?"

"खाली बघ तरी. माझ्यापुढे कोण आहे?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

तेवढ्यात मागून घोडेस्वार आला. "जनरलसाहेब विचारतात, का थांबलात?"

"वेढा पडलाय म्हणावं," पर्नेल म्हणाले. "किल्ला वरच्या मजल्यावर आहे आणि धान्य भरपूर आहे. विक्सबर्गच्या वेढ्यासारखं लांबेल, पावसाळी कोट मागवा म्हणावं."

"पर्नेल, लोक उन्हात उभे आहेत."

"आम्हीही असायचो, साहेब. मागे असताना बोललो नाही इतकंच."

खिडकीतून आवाज आला, "अटी काय?"

"बिनशर्त शरणागती," पर्नेल म्हणाले.

"मग बस तिथेच."

गेटिसबर्गचा कोणी तरी मोठ्याने हसला. मी वर पाहून म्हणालो, "वहिनी, गाडी अजून फुलांनी भरलेली आहे. आज पहिली ओंजळ यांची आहे. उगाच ताणू नका."

"मास्तर, तुम्ही मध्ये लॅटिन घालू नका." मी अगदी साध्या शब्दांत बोललो होतो, पण माझा लौकिक तसाच आहे. मग ती पतीला म्हणाली, "मी मागून चालणार नाही. शेजारी चालेन. आणि फुलं मी उचलेन, तू नाहीस. तुला हात भरून फुलं उचलायची लाज वाटते."

"कबूल."

ती ठेवणीतली टोपी घालून खाली आली. तिने झेंड्याची बाजू सोडून त्यांचा दुसरा हात धरला आणि मिरवणूक हलली. टेकडी चढताना बँड कुठे तरी खाली, फार मागे, वाजत होता.

फाटकाशी गाडी लाल-पांढऱ्या पिओनींनी आणि लायलॅकने ओथंबली होती. केटुराने झग्याचा पुढचा घोळ पसरला आणि तो भरला. मग पुन्हा भरला. गाडीवाला काही म्हणू पाहत होता. तिने त्याच्याकडे बघितले आणि त्याचे म्हणायचे राहिले. कुंपणाच्या कोपऱ्यातली एकेक समाधी झाकत ती ज्यूबलपाशी आली, गुडघ्यांवर बसली, आणि फुले ओतून न टाकता एकेक करून ठेवू लागली. आम्ही टोप्या काढून उभे होतो.

बऱ्याच वेळाने स्टॅगर घोडा सोडून, धापा टाकत, आमच्यापाशी आले. त्यांच्या मुठीत गाडीत उरलेली नेच्याची दोन पाने होती. त्यांच्या शायलोच्या कॅप्टनची संगमरवरी समाधी वरच्या अंगाला फुलांवाचून उघडी राहिली होती.

"मिठाची पिंपं तुझी होती, पर्नेल?"

"हुकूम आपला होता, जनरलसाहेब. आणि काय हुकूम होता. सगळ्या गावानं पाहिला."

स्टॅगर यांच्या चेहऱ्यावर राग आणि समाधान यांचे जे भांडण झाले, त्यात समाधान थोडक्यात जिंकले. ते खाकरले आणि पानांकडे पाहत राहिले.

केटुराने मान वर न करता घोळातून एक पांढरे फूल काढले आणि त्यांच्यापुढे धरले.

"घ्या. तुमच्या कॅप्टनला सांगा, आज उशीर झाला. आमच्या ज्यूबलनं इतकी वर्षं कधी तक्रार केली नाही."