कडीला टांगलेलं नाताळचं झाड

शीळफाट्याहून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्यावर नर्सरी टाकल्यापासून मी नाना तऱ्हेची गिऱ्हाईकं पाहिली, पण टीचरांनी माझ्या धंद्याचं जेवढं नुकसान केलं, तेवढं समोरच्या नर्सरीवाल्यालाही जमलेलं नाही. खरं तर त्यांना गिऱ्हाईक म्हणणंच चूक. गिऱ्हाईक कधी ना कधी काहीतरी विकत घेतं. टीचर राहतात ठाण्यातल्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत, कौलारू घरात. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, नवरा वारला, मुलगा कॅनडात, आणि घरात बोंबील नावाचा एक बोका. नवऱ्याने तो शेवटच्या वर्षी मासळीबाजारातून उचलून आणला तेव्हा काडीसारखा होता, म्हणून बोंबील. आता दोन हातांत मावत नाही. दिसेल ते हिरवं चावायचं, हा त्याचा एकुलता एक छंद. त्यामुळे टीचरांच्या लेखी वनस्पतींचे दोनच प्रकार उरलेत: बोंबीलला चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या.

दर शनिवारी त्या बसने येतात, माझ्याच खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "घरी मांजर आहे का?" मानपाड्याच्या एका जोडप्याशी घासाघीस करता करता माझा घसा सुकला होता. सायकसची मोठी कुंडी, सौदा जवळजवळ पटलेला. टीचर म्हणाल्या, "बाळांनो, याच्या बीने मांजराचं लिव्हर जातं." नवरा सुटल्यासारखा म्हणाला, "आमच्याकडे कुत्रा आहे." "मग त्याचंही जाईल," टीचर म्हणाल्या. कुंडी परत जागेवर गेली. मी रस्त्याकडेला गोणपाटावर तुळशीची रोपं विकून इथवर आलोय. माझा आवाज चढला की लाल माती घेऊन आलेले ट्रकवालेसुद्धा मुकाट्याने भाव उतरवतात. त्या दिवशी तो पार रस्त्यापलीकडे गेला. टीचरांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "झालं तुझं? आता चहा सांग."

डिसेंबरात तर त्यांना उधाण येतं. नाताळसाठी मी अरोकॅरियाची रोपं आणतो. लोक त्यांना ख्रिसमस ट्रीच म्हणतात. टीचर त्यांना 'सूचिपर्णी' म्हणतात, तेही वर्गात उभं राहिल्यासारखं. त्यांच्यापुढून फिरायचं, बोटाने पानं चाचपायची आणि विचारायचं, "हे मांजराला चालतं का रे?" एकदा मी ठोकून दिलं, "एकदम सेफ, टीचर." त्यांनी खाली पडलेली डहाळी उचलून माझ्यापुढे धरली. "मग चाव." चार गिऱ्हाईकं बघत होती, माघार कशी घेणार? चावली. संध्याकाळपर्यंत तोंडाला रंगाच्या दुकानाचा वास होता. टीचर शांतपणे म्हणाल्या, "तुला काही झालं नाही. पण तू मांजर नाहीस." आणि रिकाम्या हाताने बस पकडून गेल्या.

गेल्या वर्षी मात्र त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. मुलगा येणार होता, सोबत सहा वर्षांची नात, पहिल्यांदाच. नातीने फोनवर विचारलं होतं, "ग्रॅनी, तुझ्याकडे खरं झाड असतं ना?" टीचरांच्या तोंडून हो निघून गेलं होतं. बोंबील मोठा झाल्यापासून त्या घरात झाड लागलंच नव्हतं.

"प्लास्टिकचं घ्या," मी म्हणालो.

"त्याच्या झिरमिळ्या गिळतो तो. आतड्यात अडकतात."

"मग मोरपंखी न्या, तीही सूचिपर्णीच."

"ती याहून वाईट. डॉक्टरांना विचारलंय मी. तुझं हे झाड खाऊन मरणार नाही म्हणाले, पण उलट्या होतील, सुया पोटात टोचतील. म्हातारा झालाय तो. खाऊ देऊ नका म्हणाले."

"मग बोक्याला चार दिवस शेजारी ठेवा."

"त्याच्या घरातून त्याला काढू? तुझ्या अंकलने, माझ्या नवऱ्याने आणलाय तो."

माझं डोकं फिरलं. "मग टांगा झाड आढ्याला," मी ओरडलो, "आणि माझा पिच्छा सोडा."

टीचरांनी झाडाची उंची नजरेने मोजली. मग अगदी हळू म्हणाल्या, "तुळईला कडी आहे. अंकलच्या झोपाळ्याची. झोपाळा काढून ठेवलाय."

त्यानंतर त्यांनी अशी घासाघीस केली की माझी मलाच लाज वाटली. झाड पोचवणं माझ्याकडे, टांगणं माझ्याकडे, साखळी माझी, आणि उलट मलाच सांगणं की कल्पना तुझी होती म्हणून सोपवतेय. मी कुंडीतली माती काढून नारळाचा भुसा भरला, ओझं हलकं केलं आणि झाड कडीला चढवलं. बोंबीलच्या उडीपेक्षा वर, टीचरांच्या हाताला येईल इतकं खाली. बोका खाली बसून वर बघत राहिला, बिल न देता निघालेल्या गिऱ्हाइकाकडे मी बघतो तसा. गळलेल्या सुया टीचर दिवसभर झाडत होत्या. नात आली ती सरळ बोंबीलच्या शेजारी लादीवर उताणी पडली. "ग्रॅनी," ती म्हणाली, "तुझं झाड उडतं."

जानेवारीत टीचरांनी झाड माझ्याकडे ठेवायला आणलं. जागा माझी, पाणी माझं, आणि दर शनिवारी तपासणीला येऊन माझीच गिऱ्हाईकं पळवायला त्या मोकळ्या. नात या डिसेंबरात पुन्हा येणार आहे, हे रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनाही पाठ झालंय. बोंबील आता फारसा उडी मारत नाही म्हणे, तरी झाड वरच टांगायचं ठरलंय.

खरं म्हणजे त्याला मोठी कुंडी द्यायला हवी. मुळं तळाच्या भोकांतून बाहेर डोकावायला लागलीत. धंद्यातलं कुणीही सांगेल की अशाने झाड खुंटतं. पण मोठ्या कुंडीतलं झाड त्या कडीला पेलणार नाही. टीचरांनी परवा कुंडी उचलून तळ पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच काही न शिकवता ती परत जागेवर ठेवली. मीही आणखी दोन नाताळ तरी तिला हात लावणार नाही. खुंटू दे थोडं.